पोचा काढा, पण डोकं लावून!

आमच्या धाडकडे गारपीट म्हणजे नुसती पेपरातली बातमी नसते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये बुलढाणा-जालना भागाला पुन्हा झोडपलं. आडवा झालेला गहू-हरभरा काही उभा करता येत नाही. पण गाडीच्या टपावर पडलेले पोचे? तिथे सगळे सुट्टीत आलेल्या ‘इंजिनिअर’कडे बघतात. "काय रे, कॉलेजात हेच शिकवतात ना?"

आणि आपण सांगतो काय, तर हेअर ड्रायरने तापवा, वर बर्फ ठेवा, टक्कन बाहेर येईल! अरे, जरा गणित तर करा. स्टील एका अंशाला सुमारे 12 दशलक्षांश पसरतं. दोन टोकांना जखडलेला पत्रा 50 अंशांनी तापवला तर ताण येतो साधारण 120 मेगापास्कल. बहुतेक बॉडी-स्टीलचा यील्ड पॉइंट त्याच्या वर असतो. म्हणजे पत्रा गार झाला की पोचा जागच्या जागी! उथळ, नुसता आत दबलेला पत्रा कधी उसळतो, हे खरं. प्लास्टिकचा बंपर गरम पाण्याने मऊ होऊन सरळ होतो, हेही खरं. पण गारेचा पोचा म्हणजे ताणला गेलेला पत्रा. तो हळूहळू ढकलूनच परत आणावा लागतो.

ते घरी जमतं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडा. जिथे रेघ वाकते तिथे पोचा. टपाचं आतलं अस्तर उतरवून गोल टोकाच्या दांडीने मागून दाबा, कडेकडून मध्याकडे, थोडं थोडं. घाई केली की पत्रा उलट वर येतो. हातोडा तर नकोच. रंग तडकला असेल, पोचा कडेवर किंवा घडीवर असेल, किंवा लोहचुंबक चिकटत नसेल (म्हणजे ॲल्युमिनियम किंवा खाली पुट्टी), तर हात लावू नका. मूळ रंग गेला की गंज आलाच, आणि विकताना भावही पडला. माझ्या काकांची गाडी भाड्याने चालते, हप्ते तिच्यावरच फिटतात. अशा घरात फुकटचा प्रयोग महाग पडतो.

आणखी एक, आधी पॉलिसी वाचा. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात गारपीट येते, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. मात्र क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो, आणि तो 20 ते 50 टक्क्यांपर्यंत असतो. पाच-सहा पोचे असतील तर हिशोब करूनच फॉर्म भरा.

सरांना एक विनंती. भंगारातलं एखादं बॉनेट वर्कशॉपमध्ये आणून ठेवा. स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह आम्ही परीक्षेत दहा मार्कांसाठी काढतो. एकदा पत्र्यावर हाताने अनुभवू द्या. मग गावात कुणी विचारलं, तर "हा निघेल, हा नाही निघणार" एवढं तरी छातीठोकपणे सांगता येईल. माझ्या मते इंजिनिअरिंग म्हणतात ते यालाच!