‘म्नॉ’च्या दाराशी

आयर्लंडच्या पबात नवख्या पाहुण्याची एक फजिती ठरलेली आहे. स्वच्छतागृहांच्या दारांवर बरेचदा आयरिश भाषेतले शब्द असतात, एकावर ‘फिर’ आणि दुसऱ्यावर ‘म्नॉ’. रोमन लिपीत पहिला शब्द ‘एफ’ने सुरू होतो, दुसरा ‘एम’ने. इंग्रजीला सरावलेला पुरुष बिनदिक्कत ‘एम’च्या दारात शिरतो आणि आतल्या नजरा पाहून उलट्या पावली बाहेर येतो. ‘म्नॉ’ म्हणजे बायका. या जुन्या विनोदावर आयरिश लोक अजून हसतात, पण ‘म्नॉ’मध्ये कोण कोण येतं यावर तिथल्या स्त्रीवाद्यांमध्ये गेली काही वर्षं जे जुंपलंय, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

या सदरात आयर्लंड याआधी आलं होतं ते 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात मरण पावलेल्या सविता हलप्पनवारच्या निमित्ताने. आजचा विषय वेगळा असला तरी त्याची वाट तिच्यावरूनच जाते.

आधी कायदा. 2015 च्या तिथल्या लिंगओळख मान्यता कायद्याप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने शपथेवर लिहून द्यायचं, की यापुढचं सगळं आयुष्य स्त्री म्हणून (किंवा पुरुष म्हणून) जगायचं मी पक्कं ठरवलं आहे. बस्स. डॉक्टरचा दाखला नको, शस्त्रक्रिया नको, कुठल्या समितीपुढे हजेरी नको. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मात्र कोर्ट आणि डॉक्टर दोन्ही गाठावे लागतात. प्रमाणपत्र हाती पडलं की ती व्यक्ती ‘सर्व कारणांसाठी’ त्या लिंगाची. हे दोन शब्द लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत. अर्जेंटिना, डेन्मार्क, माल्टा अशा मोजक्याच देशांत तेव्हा असा कायदा होता. त्यांच्या रांगेत आयर्लंड जाऊन बसला. 1995 च्या सार्वमतात जिथे घटस्फोटाला जेमतेम 50.28 टक्के मतं मिळाली होती आणि ज्याच्या घटनेतच गर्भपाताला बंदी होती, तो हा देश!

हे घडवून आणलं एका दंतवैद्य बाईने. लिडिया फॉय यांनी 1993 मध्ये जन्मदाखल्यावरची लिंगाची नोंद बदलून मागितली. नकार आला, 1997 मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि जुलै 2002 मध्ये हरल्या. गंमत अशी, की त्यानंतर दोनच दिवसांत स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनमधल्या तशाच खटल्यात उलटा निकाल दिला. फॉय पुन्हा उभ्या राहिल्या. ज्या न्यायमूर्तींनी त्यांना हरवलं होतं, त्याच लिअम मकेक्नींनी 2007 मध्ये आयर्लंडचा कायदा युरोपीय मानवी हक्क कराराशी विसंगत असल्याचं जाहीर केलं. त्या देशातली ही अशी पहिलीच घोषणा. सरकारने अपील केलं, 2010 मध्ये ते मागे घेतलं, आणि तरी कायदा यायला आणखी पाच वर्षं गेली. एका दाखल्यासाठी बावीस वर्षं!

विधेयकाच्या मूळ मसुद्यात डॉक्टरचा दाखला होता, शिवाय विवाहित अर्जदाराने आधी घटस्फोट घ्यावा अशी अट होती. मग 22 मे 2015 चं सार्वमत आलं. समलिंगी विवाहाला 62 टक्के लोकांनी कौल दिला. त्या मोहिमेचा एक चेहरा होता आरोग्यमंत्री लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. (वराडला ते पुढे पंतप्रधान म्हणून आले तेव्हा आपल्याकडे कौतुकाचा पूर आला. त्यांनी स्वतःच्या समलैंगिकतेबद्दल रेडिओवर जाहीरपणे सांगितलं होतं, यावर मात्र बरेच जण सोयीस्कर गप्प होते.) सार्वमताच्या त्या लाटेत काही आठवड्यांतच डॉक्टरची अट गळाली आणि कायदा फारसा विरोध न होता मंजूर झाला.

माझ्या मते गाठ पडली ती इथे. विवाहाच्या प्रश्नावर कार्यकर्ते दारोदार फिरले होते, आज्यांशी चहा पीत बोलले होते. लिंगओळखीच्या कायद्यावर असं काहीच झालं नाही. अल्पसंख्याकांचे हक्क मतपेटीत टाकायचे नसतात, हे मला मान्य आहे आणि सार्वमत घ्यायला हवं होतं असं मी म्हणतही नाही. पण ‘सर्व कारणांसाठी’ म्हणजे तुरुंगात काय, निवारागृहात काय, हे तिथे काम करणाऱ्या बायकांना आधी विचारायला काय हरकत होती? तेव्हा टाळलेली चर्चा पुढे आलीच, फक्त कडू होऊन आली.

आयर्लंडच्या बहुतेक स्त्रीवादी संघटना ट्रान्स स्त्रियांच्या बाजूने ठाम उभ्या आहेत, आणि त्यामागे तिथला इतिहास आहे. ‘वाया गेलेल्या’ मुलींना चर्चच्या धोबीखान्यांत डांबून फुकट राबवायचं, हे त्या देशात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चाललं. शेवटचा धोबीखाना 1996 मध्ये बंद झाला. लग्न झालं की बाईने सरकारी नोकरी सोडायची, हा नियम 1973 पर्यंत होता. आणि 2012 मध्ये बेळगावची सविता गॉलवेच्या रुग्णालयात गेली. गर्भपात होणार हे दिसत असतानाही, गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबून राहिले, जंतुसंसर्ग वाढत गेला. बाईच्या देहाबद्दल बाई सोडून सगळ्यांनी ठरवायचं, ही रीत ज्यांनी अशी भोगली, त्या आता दुसऱ्या कुणाला ‘तू कोण ते डॉक्टर सांगतील’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? हा युक्तिवाद मला पटतो, कारण तो पुस्तकातून आलेला नाही.

गर्भपातबंदी उठवण्याच्या मोहिमेत ट्रान्स कार्यकर्तेही खांद्याला खांदा लावून होते. 2018 च्या सुरुवातीला, ती मोहीम ऐन भरात असताना, ब्रिटनमधल्या काही स्त्रीवाद्यांनी लिंगओळखीच्या स्वघोषणेविरुद्धची आपली सभा डब्लिनला घ्यायचं ठरवलं. त्यांना आयरिश स्त्रीवाद्यांनी एक अनावृत पत्र लिहिलं. सूर असा: ट्रान्स स्त्रिया आमच्यातल्याच आहेत, आम्हाला तुमची शिकवणी नको, आणि ब्रिटनहून येऊन आम्हाला शहाणपण सांगण्याचा इतिहास आम्ही विसरलेलो नाही. पत्रावर सह्यांची रांग लागली.

त्या पत्रातला राग मला कळतो, पण त्यातला वसाहतवादाचा मुद्दा मला लंगडा वाटतो. लंडनहून आला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. आपल्याकडेही स्त्रियांच्या प्रश्नावर ‘हे पाश्चात्त्य खूळ’ म्हणणाऱ्यांनी दीडशे वर्षं हीच ढाल वापरली आहे. शिवाय प्रश्न फक्त बाहेरूनच आला होता असंही नाही. 2020 मध्ये तिथल्याच एका बॅरिस्टर बाईंनी ‘द काउंटेस’ ही संस्था काढली. नाव काउंटेस मार्किएविच यांच्यावरून, 1916 च्या उठावात बंदूक घेऊन उतरलेल्या आणि 1918 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरलेल्या. (त्या तिथे जाऊन बसल्या नाहीत, ते वेगळं.) या संस्थेची ओरडही जुन्याच जखमेतून येते: आमच्याबद्दल आम्हाला न विचारता पुन्हा ठरवलं गेलं.

त्यांच्या हाती लिमरिकचा दाखला आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या एका ट्रान्स कैद्याला 2019 मध्ये तिथल्या तुरुंगाच्या महिला विभागात ठेवलं गेलं. बराक निवडण्याची मुभा ज्यांना नाही, अशा बायकांबद्दल हा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्या प्रत्येकीला द्वेष्टी ठरवून उत्तर मिळत नाही. पण एका कैद्यावरून सगळ्या ट्रान्स स्त्रियांना धोका ठरवणं हा तर आपल्या परिचयाचा डाव आहे. जातींच्या, धर्मांच्या बाबतीत तो आपण रोज पाहतो. कैदी कुठे ठेवायचा हे त्याच्या गुन्ह्यावरून, त्याच्यामुळे इतरांना आणि इतरांमुळे त्याला असलेल्या धोक्यावरून ठरावं. जन्मदाखल्याचा कागद त्यासाठी बनलेलाच नाही. 2000 च्या समान वागणुकीच्या कायद्यात, जिथे संकोचाचा किंवा खासगीपणाचा प्रश्न येतो तिथे स्त्री-पुरुषांची सोय वेगळी ठेवायला मुभा आहे. 2015 चा कायदा लिहिताना ती मुभा आणि ‘सर्व कारणांसाठी’ यांची सांगड घालून ठेवली असती, तर पुढची अर्धी भांडणं वाचली असती.

ती वाचली नाहीत. जून 2022 मध्ये सरकारी प्रसारण संस्थेच्या एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात लोक यावर फोन करून बोलू लागले, तर डब्लिन प्राइडने त्या संस्थेशी असलेली भागीदारीच मोडली. दुखावलेल्यांचं दुखणं खरं होतं. आपल्या असण्यावर तीन-तीन दिवस रेडिओवर चर्चा व्हावी हे कुणाला रुचेल? तरीही फोन बंद केल्याने लोकांच्या मनातलं बंद होत नाही.

आपला हिशेबही मांडून ठेवते. 2014 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आयर्लंडच्या एक वर्ष आधी. 2019 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात मात्र दाखला जिल्हाधिकाऱ्याच्या हाती गेला, आणि ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र मागितलं गेलं. कोर्टाने दिलेलं कलेक्टर कचेरीत अडकलं.

आयर्लंडच्या दोन्ही बाजू एका जागेवरून सर्वांत कडाडून भांडतात: घरातल्या मारहाणीतून पळून आलेल्या बायकांचं निवारागृह. त्याच्या दारातून कुणाला आत घ्यायचं? 2022 मध्ये तिथल्या बालक-कुटुंब यंत्रणेने या निवाऱ्यांचा आढावा घेतला. सव्वीसपैकी नऊ काउंट्यांत एकही निवारागृह नव्हतं. लाँगफर्ड, लीट्रिम, स्लायगो, कॅव्हन वगैरे. तिथली बाई रात्री पोरं घेऊन बाहेर पडली, तर तिला दार शोधत दुसऱ्या काउंटीत जावं लागत होतं.