नेट गेलं? आधी हवा बघा!

मे महिन्यात नेट गेलं की आपण कंपनीला शिव्या घालतो. पण जिन्याखालचा रॅक कधी पाहिलाय? ५०० वॅट खाणारा रॅक म्हणजे ५०० वॅटचा हीटरच, आणि तो काचेच्या दाराआड कोंडलेला! बहुतेक सर्व्हर पुढून थंड हवा घेतात, मागून गरम सोडतात. मधले खण उघडे राहिले की तीच गरम हवा फिरून पुढे येते. आत जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी, असं 'अ‍ॅश्रे' ही संस्था सांगते. भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर तर धातूची धूळही असते. तिथे फिल्टर हवाच. पण तुंबलेला फिल्टर म्हणजे चोंदलेलं नाक! म्हणून माझं मत, एसी मागण्याआधी रिकामे खण झाका, केबल्स बाजूला बांधा, मागची वाट मोकळी करा. नाहीतर परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी स्विच बसला, तर लेट फी आपल्याच खिशातून जाणार!