देवाची जमीन आणि राजाची तिजोरी

मराठवाड्यातील इनाम जमिनींचा प्रश्न राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली हाती घेतला, तेव्हा बहुतेकांनी त्याकडे निव्वळ महसुली बाब म्हणून पाहिले. मदतमाश जमिनी वर्ग दोनमधून वर्ग एकमध्ये आणण्यासाठी बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांऐवजी ५ टक्के नजराणा घ्यावा, असे ठरले. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनींना मात्र १०० टक्के नजराणा. त्यातील ४० टक्के देवस्थानाला, २० टक्के अर्चकाला आणि ४० टक्के शासनाला. उमरीपासून उदगीरपर्यंत ज्यांच्या सातबाऱ्यावर इनामाचा शेरा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, त्यांना कर्ज, विक्री, वाटणी या प्रत्येक वेळी तो शेरा आडवा येतो. त्यांना हायसे वाटले असल्यास नवल नाही. परंतु ४०, २० आणि ४० या वाटणीत एक फार जुना प्रश्न दडलेला आहे: देवाच्या नावे ठेवलेल्या जमिनीवर अखेरचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाचे सर्वांत रोखठोक उत्तर मध्ययुगीन चीनच्या सम्राटांनी दिले होते. पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेला ह्युएन त्संग इ. स. ६४१च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला. येथे सुमारे १०० विहार, त्यांत सुमारे ५,००० भिक्षू आणि तितकीच, म्हणजे शंभराच्या आसपास, देवळे असल्याचे त्याने नोंदवले. हे वर्णन महाराष्ट्रात आवडीने सांगितले जाते. पण हा भिक्षू ६२९ साली सम्राटाच्या परवानगीवाचून मायदेशाबाहेर पडला होता, हे क्वचितच सांगितले जाते. ६४५ साली तो परतला, तेव्हा ताइत्सुंग सम्राटाने त्याचा सत्कार केला, परदेशांचा वृत्तांत लिहावयास सांगितले आणि चीवर उतरवून राजसेवेत येण्याचा आग्रहही धरला. तांग साम्राज्यात धर्म हा राजसत्तेच्या नोंदवहीतला एक विषय होता. भिक्षू होण्यास सरकारी दाखला लागे आणि दाखला मिळाला की कर व वेठबिगार माफ होई. साहजिकच श्रीमंतांच्या जमिनी कागदोपत्री मठांच्या नावे होऊ लागल्या. पुढे ७५५ सालच्या आन लु-शानच्या बंडात तिजोरी रिकामी झाली, तेव्हा दरबारानेच हे दाखले विकावयास काढले.

याची परिणती ८४५ साली झाली. वुत्सुंग सम्राटाच्या फर्मानातील आकडे असे: ४,६०० मठ आणि ४०,००० हून अधिक लहान विहार पाडले, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवले, मठांच्या दीड लाख दासांना करदाते केले. मूर्तींच्या ताम्रधातूची नाणी पाडण्यात आली, लोखंडाची अवजारे. हा धर्म परका आहे, हे कारण पुढे केले गेले आणि सम्राटाचा ताओपंथाकडील ओढाही खरा होता; तथापि जमिनी व करदाते सोडवणे, हा हेतू फर्मानानेच लपवलेला नाही. सम्राट दुसऱ्याच वर्षी वारला आणि त्याच्या वारसाने बरीच बंधने मागे घेतली. जमिनी पूर्वीसारख्या परतल्या नाहीत.

दख्खनची वाट निराळी. येथे राजवट बदलली की जुनी दाने सहसा नव्या सनदेने चालू राहत. निजामाच्या राज्यात मशिदींप्रमाणे देवळांनाही इनामे होती. यात औदार्य होते. पण जो सनद देतो तो ती नाकारूही शकतो, हा वचकही होता. अतियात खात्याची चौकशी आणि हाती पडणारा मुंतखब हे त्या वचकाचे कागदी रूप. हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द केली, मात्र धार्मिक संस्थांची इनामे वगळली. शासनाला आज जो ४० टक्के वाटा हवा आहे, तो दात्याचा वारस या नात्यानेच मागितला जात आहे. दुसरा आधार दिसत नाही.

वुत्सुंगाशी आजच्या शासनाची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. येथे कोणाचे देऊळ पाडले जात नाही आणि कसणाऱ्याला मालकी मिळणार आहे. हिशेब मात्र त्याच जातीचा आहे. जमीन दरवर्षी देते, रोकड एकदाच. दिवाबत्ती, पूजा आणि यात्रेचा खर्च ज्या उत्पन्नावर चाले, त्याच्या जागी आलेली ४० टक्के रक्कम सभामंडपाच्या फरशीत संपली, तर पुढच्या पिढीच्या पुजाऱ्याने कशावर सेवा करावी? ती कायम ठेवीतच राहिली पाहिजे आणि केवळ व्याज खर्चास मिळाले पाहिजे. अर्चकाचे २० टक्के तरी कोणाचे? मुंतखबात नाव असलेल्याच्या शहरवासी नातवाचे, की रोज देवाला पाणी घालणाऱ्या गुरवाचे? आणि साध्या बॉन्डवर जमीन घेऊन ती आयुष्यभर कसणारा या तिन्ही वाट्यांत कोठेच नाही. नांदेड-लातूरच्या वेशीवरील जमिनींना प्लॉटचा भाव आहे. तेथे नजराणा भरणारे पुष्कळ निघतील. आडगावच्या कोरडवाहू तुकड्यासाठी १०० टक्के कोण भरणार?

निजामकालीन नोंदी उर्दूत आहेत आणि त्या वाचू शकणारे तहसील कचेऱ्यांत फार थोडे उरले आहेत. नजराण्याचे चलन फाडण्यापूर्वी प्रत्येक गावचे मुंतखब मराठीत उतरवून चावडीवर लावले, तर कोणती जमीन कोणत्या देवाची आणि कोणत्या सेवेसाठी, हे गावाला प्रथमच वाचता येईल.