पसंतीक्रमात यवतमाळ वर घ्या

‘एवढ्या मार्कांवर कुठलं कॉलेज मिळेल?’ नीटमध्ये मध्यम गुण मिळालेल्या मुलांच्या घरी निकालानंतर हाच प्रश्न असतो, आणि त्यामुळेच पसंतीची यादी पहिल्यापासून चुकते. गुणांची किंमत दरवर्षी बदलते. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ला देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६, आणि खुल्या गटाची पात्रता १६२ वरून १४४ वर उतरली. गेल्या वर्षीच्या कटऑफशी आपले गुण ताडून पाहणारा मिळू शकणारी कॉलेजंही स्वतःच खोडून टाकतो. ताडून पाहायचा तो अखिल भारतीय क्रमांक, तोही आपल्या प्रवर्गातला आणि शेवटच्या फेरीतला.

मध्यम क्रमांकाच्या मुलांनी पुण्या-मुंबईजवळच्या महागड्या खासगी कॉलेजपेक्षा लांबचं जुनं सरकारी कॉलेज वर लिहावं, असं माझं ठाम मत आहे. २०२० साली ७०:३०चा प्रादेशिक कोटा रद्द झाल्यापासून विदर्भ-मराठवाड्यातल्या सरकारी जागा राज्यभरातल्या मुलांना गुणवत्तेवर खुल्या आहेत. तरीही अंबाजोगाई, नांदेड, धुळे, यवतमाळ ही नावं अनेक याद्यांत तळाशी दिसतात, याचं वाईट वाटतं. डॉक्टर घडतो तो वॉर्डात. २०१७मध्ये फवारणीतून विषबाधा झालेले शेकडो शेतकरी यवतमाळ जिल्ह्यात उपचारांसाठी दाखल झाले, आणि त्यांचा मोठा भार तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने उचलला. सर्पदंश, अडलेली बाळंतपणं, उशिरा आलेला क्षयरोग हे सगळं जिथे रोज दारात येतं, तिथे इंटर्नला पुष्कळ काही स्वतः करायला मिळतं. पुढे नीट-पीजीचा क्रमांक परीक्षेतल्या गुणांवरच लागतो. एमबीबीएस कुठून केलं याला तिथे एकही गुण नाही. काही अभिमत विद्यापीठांत मात्र वर्षाचं शुल्कच वीस लाखांच्या पुढे जातं. शेती किंवा घर गहाण टाकून ते भरलेल्या मुलाला पीजीची तयारी करायला एक वर्ष थांबणंही परवडत नाही.

यावरचा खरा आक्षेप प्राध्यापकांच्या टंचाईचा आहे, आणि तो मला मान्य आहे. २०२४मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं सुरू झाली. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा त्यांतलीच. जिल्हा रुग्णालयांमुळे तिथे रुग्ण आहेत, पण शिकवणारे हात पुरेसे आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. म्हणून माझा क्रम असा: आधी जुनी सरकारी, मग नवी सरकारी, त्यानंतर स्वतःचं मोठं, भरलेलं रुग्णालय असणारी खासगी, आणि तीही राज्य कोट्यातून. संस्थात्मक कोट्यात त्याच वर्गातल्या त्याच बाकासाठी कित्येक पट शुल्क मोजावं लागतं. मुलीला घरापासून एवढं लांब कसं पाठवायचं, ही आईवडिलांची काळजीही खरी आहे. त्यासाठी वसतिगृह आधी बघून यावं, पण न बघता नाव खोडू नये.

आणखी एक भीती निराधार आहे: वरची कॉलेजं लिहिली तर खालचं हातचं जाईल. राज्याच्या सीईटी सेलची प्रवेशप्रक्रिया गुणवत्ताक्रमाने चालते. आपली पाळी आली की शिल्लक जागांतली आपली सर्वांत वरची पसंती मिळते. म्हणून पसंतीक्रम मनापासूनचा असावा आणि यादी लांब असावी. जपून राहायचं ते मिळालेली जागा कायम ठेवण्याच्या, म्हणजे स्टेटस रिटेन्शनच्या, फॉर्मपासून. तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद होतात, आणि मध्यम क्रमांकाच्या मुलांसाठी जागा बऱ्याचदा त्या पुढच्या फेऱ्यांतच सुटतात.