समजून घ्या : राजाच्या थडग्यात ४१३ मूर्ती कशासाठी?

शिळफाट्यापासून कर्जतपर्यंत फार्महाऊस आणि प्लॉटिंगसाठी जेसीबी सुरूच असतात. खोदताना जुने मडके किंवा मातीची मूर्ती निघाली, की पहिला प्रश्न येतो, ‘खाली सोने असेल का?’ प्रश्नच चुकीचा आहे. अशा वस्तूची खरी किंमत ती कुठे आणि कशासोबत सापडली, यावर ठरते.

इजिप्तमध्ये काय सापडले?

१९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना राजा तुतनखामुनची कबर सापडली. त्यात ‘शाब्ती’ म्हणतात तशा ४१३ छोट्या मूर्ती होत्या. परलोकातही शेत कसणे, पाणी देणे, वाळू वाहणे चुकत नाही, अशी तिथली श्रद्धा होती. राजाला कामाची हाक आली, की शाब्तीने ‘मी हजर’ म्हणायचे. वर्षभरासाठी ३६५ मजूर, दहा जणांमागे एक असे ३६ मुकादम आणि महिन्याला एक असे १२ वरिष्ठ. थोडक्यात, मेल्यावरही राजाची वेठबिगारी दुसऱ्यानेच करायची! हा हिशेब लागला, कारण कार्टर यांनी वस्तूंची जागेवरच नोंद केली.

आपल्याकडे काय?

पुणे जिल्ह्यातील इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केले. ही वस्ती सुमारे ३६०० ते २७०० वर्षांपूर्वीची. इथे मृतांना घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळले. मृताने भूत होऊन भटकू नये म्हणून तसे करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मात्र पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेल्या पुरुषाचे पाय शाबूत होते. त्या घराला धान्याचे कोठारही होते. म्हणून तो गावचा प्रमुख मानला जातो. दुसऱ्या एका घरात जमिनीखाली मातीच्या डबीत शिर नसलेली देवी आणि सोबत बैल मिळाला.

मग करायचे काय?

तो रांजण कुणी परस्पर उचलून विकला असता, तर उरले असते फक्त एक मडके. घर, कोठार आणि शाबूत पाय एकत्र दिसले म्हणून प्रमुख सापडला. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा जुना ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण काम थांबेल या भीतीने लोक गप्प बसतात. प्रशासनाने पंचनामा झटपट उरकला, तरच ही भीती जाईल. तोवर निदान एवढे करा : वस्तू हलवू नका, जागेसह फोटो काढा आणि कळवा.