ताट वेगळे नको

पनवेलच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. धाकट्या दिराच्या दंडावर फिकट चट्टा उठला. खाज नाही, दुखणे नाही. आठ महिने गजकर्णाचे मलम चोळून झाले, रक्तशुद्धीचे काढे झाले, अंगारेही झाले. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा कुठे एका त्वचारोगतज्ज्ञांनी नाव उच्चारले : कुष्ठरोग. त्या दिवसापासून घरात त्याचे ताट-पेला वेगळा झाला, आणि जुळत आलेले लग्न सासूबाईंनी पत्रिकेचे निमित्त काढून थांबवले. भगिनी विचारतात, ‘याचे जाणते डॉक्टर कुठे मिळतील? आणि भावोजी खरेच बरे होतील का?’

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, बरे होतील.

हा रोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ सालीच दाखवले. पूर्वजन्मीच्या पापाची कथा तेव्हाच संपायला हवी होती; आपण ती अजून पुरवून पुरवून सांगतो! पुढे डॅप्सोन आले, पण एकट्या औषधाला जंतू जुमानेनासे झाले. म्हणून १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधांचा उपचार सुचवला : रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. रोग किती पसरला आहे ते पाहून सहा किंवा बारा महिने. सरकारी दवाखान्यात ही औषधे फुकट मिळतात. लघवी लालसर होईल, कातडी काळवंडेल. घाबरू नका, ती औषधांचीच करामत. रंग पुढे हळूहळू निवळतो.

आता ताटाचे. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूंना तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून लागण होण्याची भीती उरत नाही. तेव्हा दिवाळीच्या फराळाला भावोजींचे ताट सर्वांच्या पंक्तीत मांडा. घरातल्या प्रत्येकाची अंगतपासणी मात्र करून घ्या, मुलांचीही.

जाणता डॉक्टर कसा ओळखावा? तो नुसता चट्टा बघून चिठ्ठी लिहीत नाही. डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापसाची वात फिरवतो, कोपरामागची शीर चाचपतो, हातापायांची ताकद पाहतो. कुष्ठरोगाचा खरा घाला कातडीवर नसून शिरांवर असतो. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वडाळ्याला १८९० साली स्थापन झालेले अ‍ॅक्वर्थ रुग्णालय आहे. हार्बरची लोकल तुम्हांला थेट वडाळ्याला उतरवील.

आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, शीर ठणकते, बोटांतले बळ जाते. घरची मंडळी म्हणतात, ‘औषध बाधले,’ आणि गोळ्या बंद करतात. तसे मुळीच करू नका. ही शरीराची जंतूंविरुद्धची उसळी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. वेळेवर स्टेरॉइड मिळाले तर शीर वाचते. गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच, असे वचन मी देणार नाही. म्हणून तर आठ महिन्यांच्या मलमाचा राग येतो! पण वाकलेली बोटेही शस्त्रक्रियेने कामाला लावता येतात, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी ती वाट दाखवली.

तुमच्या गावाजवळच नेऱ्याला शांतिवन आहे. घराची दारे बंद झालेल्या कुष्ठरोग्यांना अशा संस्थांनी आसरा दिला. पण ज्याचे घर आहे त्याने तिथे राहायला जाण्याचे कारणच काय? औषध घरी राहून घ्यायचे, कामावरही जायचे. फक्त बधिर हाताने गरम भांडे धरू नये, चप्पल मऊ पण टाचेला पट्टा असलेली घ्यावी आणि रात्री तळपाय निरखून पाहावेत.

राहता राहिले लग्न. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून २०१९ साली काढून टाकले गेले. सासूबाईंना हे जरूर सांगा. मुलीकडच्यांपासून मात्र काही लपवू नका, पत्रिकेचे निमित्तही नको. मुलीलाच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तिला जे विचारायचे ते मोकळेपणाने विचारू द्या.