परीक्षेचे साधन कोणी पुरवावे?

बारावीच्या लेखाकर्माच्या परीक्षेत साधा, चार क्रियांचा कॅल्क्युलेटर वापरू द्यावा, असा विचार केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली पुढे मांडला. असे काही निघाले की आपल्याकडे पहिली शंका व्यक्त होते ती मुले पाढे विसरतील, ही. शंका अगदीच निराधार नाही. परंतु तिच्यामागे एक अधिक गंभीर प्रश्न झाकला जातो. एखादे यंत्र परीक्षेच्या नियमात शिरले की ते विकत घेणे ही विद्यार्थ्याच्या मर्जीची बाब राहत नाही. ती एक प्रकारची फी होते आणि ती मंडळाच्या पावतीवर छापलेली नसल्यामुळे तिचा हिशेबही कोणी विचारीत नाही. अमेरिकेने हा अनुभव गेली तीस वर्षे घेतला आहे. तेथील आलेख-कॅल्क्युलेटरची, म्हणजे समीकरण दिले असता त्याचा आलेख लहानशा पडद्यावर काढून दाखविणाऱ्या यंत्राची, हकीकत त्या दृष्टीने आपण समजून घ्यावी.

असे पहिले यंत्र कॅसिओ कंपनीने १९८५ साली बाजारात आणले. १९९० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘टीआय-८१’ आले. त्यामागे केवळ व्यापाऱ्यांचा हात होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओहायो राज्य विद्यापीठातील बर्ट वेट्स व फ्रँक डिमाना या गणिताच्या प्राध्यापकांनी शाळाशिक्षकांना हे यंत्र वर्गात कसे वापरावे याचे शिक्षण देण्याची मोठी चळवळ उभारली, आणि अमेरिकेतील गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ च्या आपल्या मानकांत कॅल्क्युलेटरचा पुरस्कार केला. त्यांची भूमिका सरळ होती. ज्या शिक्षकाने फळ्यावर एक अन्वस्त काढण्यात तासाचा चतुर्थांश घालवला आहे, त्याला ती पटायला वेळ लागू नये. सहगुणक बदलला की वक्र कसा रुंदावतो, कसा सरकतो, हे विद्यार्थ्याने एका तासात वीस वेळा पाहावे, म्हणजे समीकरण व आकृती यांचे नाते त्याच्या मनात ठसेल, अशी ती अपेक्षा होती. ती गैर नव्हती.

पुढे १९९५ पासून तेथील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षेत कलनशास्त्राच्या काही प्रश्नांसाठी आलेख-कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला, आणि चित्र पालटले. परीक्षेने मान्य केलेल्या यंत्रांची यादी झाली. पाठ्यपुस्तकांत त्या यंत्राची कोणती कळ केव्हा दाबावी याच्या सूचना छापल्या गेल्या. शिक्षक त्याच यंत्रावर तयार झाले. परिणाम असा की १९९६ चे ‘टीआय-८३’ आणि २००४ चे ‘टीआय-८४ प्लस’ ही यंत्रे वर्षानुवर्षे शाळाशाळांतून टिकून राहिली. ‘टीआय-८४ प्लस’चा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा आणि त्यातील प्रक्रियक झायलॉग कंपनीच्या १९७६ सालच्या झेड-८० या वंशातला. याच काळात इतर विजकीय वस्तू स्वस्त व समर्थ होत गेल्या. या यंत्राची किंमत मात्र शंभर डॉलरच्या आसपासच घुटमळत राहिली. खिशातला फोन त्याच्या कित्येक पट काम करतो, पण फोनवरून उत्तर बाहेरून मागवता येते म्हणून तो परीक्षागृहात वर्ज्य. या यंत्राला फारसे काही येत नाही, हीच त्याची परीक्षेपुरती पात्रता ठरली! ज्याला स्पर्धा नाही आणि ज्याचे गिऱ्हाईक नियमाने बांधलेले आहे, त्या मालाची किंमत का उतरावी?

आज आपल्याकडेही काही कुटुंबांना ही खरेदी करावी लागते. मुंबई-पुण्यातील ज्या शाळांत ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’चा अभ्यासक्रम आहे, तेथे हे यंत्र लागतेच. त्या अभ्यासक्रमाच्या गणिताच्या दोन शाखांपैकी एकीत सर्व प्रश्नपत्रिकांना ते लागते, तर दुसरीत पहिल्या प्रश्नपत्रिकेला ते चालत नाही. अशा पालकांनी दुकानात जाण्यापूर्वी परीक्षेचा नियम वाचावा. जे यंत्र अक्षरांची समीकरणेही सोडवून देते ते अधिक महाग असते, आणि ‘एसीटी’सारख्या परीक्षेत नेमके तेच चालत नाही, इंग्लंडच्या ए-लेव्हलमध्येही बैजिक रूपांतरे करणाऱ्या यंत्रांना मज्जाव आहे. जास्त पैसे मोजून अपात्र यंत्र घेण्याची ही सोय आहे. दुसरे असे की वर्गशिक्षक जे यंत्र वापरतात तेच घेणे इष्ट. अडलेल्या ठिकाणी कळ दाखवणारे माणूस जवळ असणे हे रंगीत पडद्यापेक्षा मोलाचे असते. वरच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलाचे वापरलेले यंत्र मिळाले, तर नव्याचा हट्ट धरण्याचे काही कारण नाही.

यंत्र हाती आले म्हणजे गणित आले, असे मात्र नाही. क्ष² − ४०क्ष + ३९६ हे साधे फल घ्या. यंत्राचा पडदा सामान्यतः दोन्ही अक्षांवर उणे १० ते अधिक १० एवढाच प्रदेश दाखवतो. या प्रदेशात वरील वक्राचा एकही बिंदू येत नाही. पडदा कोरा राहतो. ज्याला अवयव पाडता येतात त्याला १८ व २२ ही मुळे दिसतात, वक्राचा तळ क्ष = २० पाशी आहे हे कळते आणि तो पडद्याची व्याप्ती बदलतो. ज्याला येत नाहीत तो यंत्र बिघडले असे म्हणतो किंवा, त्याहून वाईट, समीकरणाला मुळेच नाहीत असे उत्तर लिहितो. यंत्र रेडियनऐवजी अंशांवर लावलेले असले तर त्याच पडद्यावर साइनचा डौलदार वक्र क्ष-अक्षाला चिकटलेली सरळ रेघ होऊन बसतो. काही यंत्रे तुटक फलाचे दोन तुकडे स्वतःहून जोडून तेथे नसलेली उभी रेघ काढतात. वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण चिन्हाची वेगळी, हे न कळल्यामुळे ऐन परीक्षेत खोळंबणारी मुलेही असतात. आलेख कसा असावयास हवा याचा अंदाज डोक्यात आधी असल्याखेरीज पडद्यावरचा आलेख वाचता येत नाही, आणि तो अंदाज कागदावर हाताने काढलेल्या आलेखांतूनच येतो. तेव्हा पाढ्यांची काळजी करणाऱ्यांनी जरा पुढची काळजी करावी!

अमेरिकेतील यंत्राची ही पकड ढिली झाली तीही परीक्षेमुळेच. ‘सॅट’ ही प्रवेश-परीक्षा अमेरिकेबाहेर २०२३ साली आणि खुद्द अमेरिकेत २०२४ साली संगणकावर आली, तेव्हा ‘डेस्मॉस’ हा आलेख काढणारा कार्यक्रम प्रश्नपत्रिकेच्या पडद्यावरच बसवण्यात आला. तो घरी वा शाळेत कोणालाही फुकट वापरता येतो. स्वतःचे मान्य यंत्र आणण्याची मुभा आहे, पण सक्ती नाही. जे साधन परीक्षेला लागते ते परीक्षेनेच पुरवले. आपल्याकडेही याला दाखला आहे: अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत उमेदवाराला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, तो संगणकाच्या पडद्यावरच मिळतो आणि सर्वांना एकच मिळतो.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, अशी सूचना असते. ती कायमची राहील असे मानण्याचे कारण नाही. लॉग टेबलात तीन आकडे शोधण्यात गेलेली मिनिटे पदार्थविज्ञानाच्या समजुतीत जमा होतात, असे कोणी शिक्षक मनापासून म्हणेलसे वाटत नाही. परंतु बदल करावयाचा तर, कोणते यंत्र चालेल याचे परिपत्रक काढून मंडळाला मोकळे होता येणार नाही. तसे झाले तर शहरातला विद्यार्थी चांगले यंत्र वर्षभर हाताळून परीक्षेला बसेल, आणि आश्रमशाळेतला मुलगा कोणाचे तरी मागून आणलेले यंत्र त्या दिवशी प्रथम उघडेल. संगणकावरील परीक्षा हा मार्ग ग्रामीण केंद्रांना एवढ्यात झेपणारा नाही. पण एकाच जातीच्या साध्या यंत्रांचे संच मंडळाने केंद्रांना द्यावेत, तेच यंत्र अकरावीपासून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असावे, आणि आकडेमोडीवर गुण देणारे प्रश्न काढून त्याऐवजी उत्तराचा अर्थ विचारणाऱ्या नमुना-प्रश्नपत्रिका निदान दोन वर्षे आधी शिक्षकांच्या हाती पडाव्यात, एवढे करणे अशक्य नाही. त्याला किती खर्च येईल आणि तो कोणत्या शीर्षाखाली पडेल, याचा आकडा मंडळाने आदेश काढण्यापूर्वी प्रसिद्ध केला पाहिजे.